पाच फॅटचं पनीर

आमच्या गावात 'फॅट' हा शब्द शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही कळतो. जानेफळला मी सोळा वर्षांपासून दूध संकलन केंद्र चालवते. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, नमुन्याची बाटली मशीनला लागते, पडद्यावर आकडा उमटतो आणि वाद सुरू होतो.

"काऊन वो काकू, काल सात लागली, आज साहाच काऊन?"

"म्हशीले इचार. मशीनले काय इचारतं?"

हे माझं रोजचं उत्तर. दूध नुसतं भांड्यात ओततानाच त्याची फॅट साडेपाच लागेल की साडेसहा, हे मी बहुतेक वेळा आधीच सांगू शकते. आणि तरीही मी फॅटच्याच बाबतीत चुकले, आणि महागात चुकले.

ज्यांच्या पित्ताच्या पिशवीत खडे निघाले आहेत आणि जे ऑपरेशनची वाट बघत घरी बसले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधाचं तुमचे डॉक्टर सांगतील. मी ताटातलं आणि घरातलं सांगते.

कळलं तो दिवस

सकाळचं दूध अर्धं घेऊन झालं होतं. छातीच्या खाली, मधोमध, कोणीतरी मूठ आवळावी तसं दुखायला लागलं. मला आधीही असं दोन-तीनदा झालं होतं, पण ओवा चावला की थांबायचं. या वेळी थांबलं नाही. दुखणं सरळ पाठीत गेलं. मी रिकाम्या कॅनवर बसले, तर सरळ बसता येईना.

माझ्या यजमानांना गावात सगळे नाना म्हणतात, इथे मीही तेच लिहिते. नाना गोठ्यातून आले, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली. मेहकरला सोनोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरांनी बुलढाण्याला चिठ्ठी दिली. दुपारी एक वाजता मी बुलढाण्याच्या दवाखान्यात खाटेवर होते.

डॉक्टर मध्यम वयाचे, हळू बोलणारे. ते म्हणाले, "पित्ताशयात खडे आहेत. त्यातला एक बारीक खडा नळीत घसरला आणि स्वादुपिंडाला सूज आली. आधी सूज उतरवू. ती पूर्ण बसली की काही आठवड्यांनी पित्ताशय काढून टाकू. तोवर पुन्हा असा झटका येऊ द्यायचा नाही."

"आला तर?"

"प्रत्येक वेळी सूज थोडक्यावर थांबेल याची खात्री नसते," ते म्हणाले. त्यांनी ते लपवलं नाही याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे.

मग त्यांनी विचारलं, आणखी काही विचारायचं आहे का. मी विचारलं, "संध्याकाळचं दूध कोण घीन?"

नाना म्हणाले, "बाप्पा, तुले दुधाचं पडलं काय?" आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

तोंड बंद

पहिले दोन दिवस तोंडातून काहीही नाही, पाणीसुद्धा नाही. सगळं सलाईनमधून. मी वेळ जायला हवा म्हणून उशाच्या वहीत लिहायला लागले. सहा वाजता रक्त काढायला येतात. साडेसातला झाडू. नऊला डॉक्टर. अकराला सलाईन बदलतात. असं वेळापत्रक माहीत असलं की भीतीला बसायला जागा कमी मिळते. हे मी कुणालाही सुचवीन. वही-पेन सोबत न्या.

शेजारच्या खाटेवर उंद्रीच्या एक बाई होत्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. त्यांचं पित्ताशय आदल्याच दिवशी काढलं होतं. मी घाबरलेली दिसले असणार, कारण त्यांनी पडदा ओढला आणि सरळ पोट दाखवलं.

"पाह्य. चार टोचे. एवढंच. मी तं समजत होती आडवं कापतीन म्हनून."

"दुखते?"

"हासलं का दुखते. म्हनून मले हासवू नको."

त्यानंतर दिवसभर त्यांनीच मला हसवलं आणि स्वतः पोट धरून कण्हत राहिल्या. तिसऱ्या दिवशी मला दोन चमचे पाणी मिळालं. लोणारच्या माझ्या माहेरी भर उन्हाळ्यात माठातलं पाणी प्यायले आहे, पण त्या दोन चमच्यांची सर कशालाच नाही.

सुटी मिळाली त्या दिवशी आहारतज्ज्ञ ताई आल्या. वय जेमतेम सव्वीस-सत्तावीस. हातात छापील कागद. तेल-तूप, तळण, साय, खोबरं, शेंगदाणे बंद. पोटाला शक्ती हवी म्हणून मऊ भात, मुगाचं वरण, ताक, आणि "पनीर (कमी फॅटचं)". खाली एक ओळ होती: ज्या पदार्थात शंभर ग्रॅममागे दहा ग्रॅमपेक्षा जास्त फॅट आहे, तो टाळावा.

"काही शंका, काकू?"

मी नाही म्हटलं. फॅट मला कोण शिकवणार?

फ्रिजवरचा कागद

घरी आल्याबरोबर मी यादी केली आणि फ्रिजवर चिकटवली. कोणता पदार्थ, किती, किती वाजता. पनीरसमोर लिहिलं: "पाच फॅटच्या दुधाचं. रोज २०० ग्रॅम. चालेल."

माझा हिशोब असा होता. आमच्याकडे येणाऱ्या म्हशीच्या दुधाला सहा-सात फॅट लागते. एका घरचं दूध मात्र कायम पाचवर असतं, आणि त्यावरून तिथल्या सासू-सुनेला रोज माझे दोन शब्द ऐकावे लागतात. ते दूध मी मुद्दाम वेगळं ठेवायला सांगितलं. पाच फॅटच्या दुधाचं पनीर म्हणजे पाच फॅटचं पनीर. दहाच्या आत, निम्म्यावर. मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

आमची मुलगी पल्लवी छत्रपती संभाजीनगरला नोकरी करते, तिला लगेच सुटी नव्हती. म्हणून स्वयंपाक नानांकडे आला. सत्तावीस वर्षांच्या संसारात या माणसाने चहाचं आधण ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. आता ते पाच फॅटचं दूध उकळायचे, लिंबू पिळायचे, फडक्यात गाळायचे आणि वर पाट्याचा दगड ठेवायचे. पहिल्या दिवशी पनीर खडूसारखं झालं. चौथ्या दिवशी मऊ झालं. सातव्या दिवशी ताटली समोर ठेवून ते म्हणाले, "आज साजरं झालं. खाऊन पाह्य."

नुसतं जिरं आणि मीठ, तेलाचा थेंब नाही. मी खात होते आणि ते समोर बसून बघत होते. खरं सांगायचं तर लग्नानंतर इतकं लक्ष माझ्याकडे कुणी दिलं नव्हतं. मला भूक नसायची तेव्हाही मी ते संपवायचे.

असे अकरा दिवस गेले.

दुसऱ्यांदा

बाराव्या दिवशी दुपारी जेवणानंतर तीच मूठ आवळली. या वेळी मला काय आहे ते माहीत होतं, त्यामुळे भीती दुप्पट. गाडीत मी नानांचा हात इतका दाबला की त्यांच्या मनगटावर माझ्या बांगडीचा वळ दोन दिवस राहिला.

पुन्हा तीच खाट, पुन्हा तोंड बंद. या वेळी सूज जास्त होती. डॉक्टर म्हणाले, "आता ऑपरेशन आणखी लांबणार. सहा आठवडे तरी थांबावं लागेल. मधे तिसरा झटका आला तर मला फार अवघड होईल." उंद्रीच्या बाईंच्या खाटेवर आता दुसरंच कुणी होतं.

पल्लवी संध्याकाळच्या एसटीने आली. मी काय काय खाल्लं ते डॉक्टरांनी विचारलं होतं, ती यादी तिने नानांकडून ऐकली आणि माझ्या देखत भडकली.

"बाबा, तुमी आईले रोज पावशेर पनीर चारलं? म्हशीच्या दुधाचं?"

"तिच्या कागदावर होतं," नाना म्हणाले.

"कागदावर कमी फॅटचं होतं ना. तुमाले इचारता आलं नाई काय कोणाले?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं. फ्रिजवरचा कागद माझ्या अक्षरातला होता, दूध मी निवडलं होतं, दोनशे ग्रॅम मी लिहिलं होतं. मी डोळे मिटून घेतले. दुखत होतं हे खरं, पण तेवढं दुखत नव्हतं. सोळा वर्षं फॅट तपासणारी बाई फॅटमध्येच चुकली, हे पोरीसमोर कबूल करवलं नाही. नाना बाहेर पॅसेजमध्ये जाऊन बसले.

आजारपणात माणूस किती लहान होतो, ते मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या कुणाबद्दल नाही, मी माझ्याबद्दल सांगते आहे.

ताईंचा हिशोब

चौथ्या दिवशी त्याच ताई आल्या. मी त्यांना माझा हिशोब सांगितला. पल्लवी चहा आणायला गेली होती, नाना पॅसेजमध्येच होते. ताई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याच वहीच्या मागच्या पानावर लिहिलं.

"काकू, पाच लिटर दुधाचं पनीर किती होतं?"

"किलोभर. जरा कमीच."

"आणि पाच फॅटच्या पाच लिटर दुधात फॅट किती?"

हे मला तोंडपाठ होतं. "अडीचशे ग्रॅम."

"मग दूध फाडल्यावर चार लिटर पाणी निघून गेलं. फॅट त्या पाण्याबरोबर गेली का?"

मी बोटांवर मोजलं. अडीचशे ग्रॅम फॅट, एक किलो पनीर. शंभर ग्रॅमला पंचवीस. दोनशे ग्रॅम रोज, म्हणजे पन्नास ग्रॅम फॅट रोज. माझ्या कागदावर तेल शून्य, तूप शून्य आणि पनीरातून पन्नास ग्रॅम.

मी विचारलं, "म्हणजे पनीरमुळेच झालं?"

"असं छातीठोक नाही सांगता येत. खडे आहेत तोवर झटका कशानेही येऊ शकतो. पण फॅट पोटात गेली की पित्ताशय आवळतं. त्याला रोज आवळायला लावायचं नव्हतं." मग त्या म्हणाल्या, "चूक माझीही आहे. कमी फॅटचं म्हणजे साय पूर्ण काढलेल्या दुधाचं, हे मी लिहायला हवं होतं. आता कागदात लिहीन."

माझ्या लेकीच्या वयाची मुलगी स्वतःची नसलेली चूकही अर्धी वाटून घेत होती. आणि मी माझी पूर्ण चूक नवऱ्याच्या नावावर ठेवली होती.

रशीदभाईंची बाटली

घरी आले. पल्लवीने महिनाभर घरून काम मागून घेतलं आणि स्वयंपाक तिच्याकडे गेला. नाना दूध घ्यायचे, गोठा बघायचे, मला गोळ्या वेळेवर द्यायचे. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येत नव्हते. एकदा पल्लवीने लिंबू मागितलं तर ते त्यांनी खिडकीतून दिलं.

"बाबा, आत या ना."

"नाई. माह्या हातानं एकदा झालं तेवढं पुरे."

हे मी आतून ऐकलं. आठ दिवस असेच गेले. सांगायचं कसं ते सुचत नव्हतं.

आमच्या केंद्रातून रशीदभाई दूध नेतात. मेहकरच्या मिठाईवाल्यांना खवा आणि पनीर पुरवायचा त्यांचा तीस वर्षांचा धंदा आहे. ते तब्येत विचारायला आले, तेव्हा मी म्हटलं, "भाई, उद्या येतांनी पनीरचं निघालेलं पाणी आना बाटलीभर."

"पाणी? भाभी, ते आमी ढोराले टाकतो."

"टाकू नका. आना."

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध घेऊन झाल्यावर मी नानांना आणि पल्लवीला मशीनजवळ बोलावलं. ऑपरेशनपर्यंत मला केंद्रात यायची बंदी होती, पण त्या दिवशी आले. रशीदभाईंनी बाटली दिली. पाणी हिरवट पिवळं. "काल साडेसहा फॅटचं दूध होतं," ते म्हणाले. मी नमुना लावला. हे मशीन दुधासाठी असतं, त्यामुळे पाण्याचा आकडा अगदी नेमका येत नाही, हे आधीच सांगते. पण तो आला शून्याच्या आसपास. खात्रीसाठी पुन्हा लावला. तेच.

नाना वाकून बघत होते. "मंग साडेसहा कुठी गेली?"

"पनीरमें गई ना, नाना," रशीदभाई म्हणाले. "पाणी पाणीच राह्यते, माल सगळा फडक्यात. म्हनून तं फडकं धुवाले एवढा त्रास."

मी म्हटलं, "हे मले माहीत नव्हतं. सोळा वर्षं झाली मी दुधाची फॅट पाह्यते, पनीरचा कधी इचारच केला नाई. पाचच्या दुधाचं पनीर पाचचंच, असं मीच धरलं. कागद माह्या हाताचा होता. दोनशे ग्रॅम मीच लिवलं. यायनं फक्त मी सांगतलं ते केलं. आन् दवाखान्यात पल्लवी बोलली तवा मी डोळे मिटून पडली राह्यली."

पल्लवी नानांकडे बघत होती. रशीदभाईंनी आपली बाटली उचलली आणि कॅन मोजायचं निमित्त करून बाहेर गेले. चांगल्या माणसाला केव्हा उठायचं ते कळतं.

नाना म्हणाले, "मले वाटलं, मी लिंबू जास्त पिळलं म्हनून झालं."

दवाखान्यातले सगळे दिवस आणि वर हे आठ, इतके दिवस हा माणूस लिंबाला आणि स्वतःच्या हाताला दोष देत होता. मला हसू आणि रडू एकदम आलं, आणि हसल्यावर पोटात दुखलं.

"बाबा, चुकली मी," पल्लवी म्हणाली.

"जाऊ दे. तू च्या ठेव," नाना म्हणाले. चहा झाला तेव्हा तो घ्यायला ते उंबऱ्याच्या आत आले.

पल्लवीची पाकिटं

त्यानंतर आम्हा तिघांना फॅटचं वेडच लागलं. पल्लवीच्या फ्रिजमध्ये शहरी चीज असतं. मधे दोन दिवस ती तिकडे जाऊन आली, तेव्हा पाकिटंच घेऊन आली, खायला नाही, वाचायला. चष्मा लावून मी मागचा बारीक मजकूर वाचायचे आणि ती वहीत लिहायची. मला कायम वाटायचं की चीज म्हणजे नुसती चरबी आणि पनीर म्हणजे हलकं घरगुती खाणं. वहीतलं पान असं निघालं, शंभर ग्रॅममागे, अंदाजाने:

ब्रेडला लावायचं मऊ क्रीम चीज, सगळ्यात वर, तिशीच्या आसपास किंवा पुढे.
चौकोनी क्यूब आणि स्लाइस, पंचविशीच्या घरात.
आपलं म्हशीचं घरचं पनीर, तेही पंचविशीच्याच घरात.
पिझ्झ्यावरचं तार सुटणारं, विशीच्या आसपास.
गायीच्या दुधाचं पनीर, तेवढंच किंवा थोडं वर.
साय पूर्ण काढलेल्या दुधाचं पनीर, पाचाच्याही खाली.

पल्लवी म्हणाली, "आई, तू माह्या पिझ्झ्याले दहा वर्षं नावं ठेवली."

"पिझ्झ्याले अजूनबी ठेवते. मैदा हाये तो," मी म्हटलं. पण पान फाडलं नाही.

एक सूचना. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा असतो, म्हणून माझी यादी पाठ करू नका, तुमच्या हातातलं पाकीट उलटं करून वाचा. आणि सुट्या पनीरावर काहीच लिहिलेलं नसतं, तेव्हा कोणत्या दुधाचं आहे ते विचारा. दुधाचा आकडा म्हणजे पनीरचा आकडा नाही. एवढं एक वाक्य जरी कुणाच्या लक्षात राहिलं, तरी हे लिहिल्याचं सार्थक झालं.

चार टोचे

त्या सहा आठवड्यांत रोज जेवण झालं की मी तासभर पोटावर हात ठेवून बसायचे. नाना गोठ्यातून हाक मारायचे, "हाय काय?" मी म्हणायचे, "नाई." एवढंच. बेचाळीस दिवस तेवढाच संवाद, दिवसातून दोनदा. तिसरा झटका आला नाही.

ऑपरेशन दुर्बिणीने झालं. शुद्धीवर आल्यावर मी आधी टोचे मोजले. चार. उंद्रीच्या बाईंची आठवण झाली. शेजारच्या खाटेवर एक तरुण सून होती, दुसऱ्या दिवशी तिचं ऑपरेशन. माझ्याकडे घाबरून बघत होती. मी पडदा ओढला.

"पाह्य. चार टोचे. एवढंच," मी म्हटलं. "फक्त मले हासवू नको."

खडे त्यांनी बाटलीत घालून दिले. मटकीच्या दाण्याएवढे, मोजून एकोणीस. नानांनी ती बाटली केंद्राच्या फळीवर, नमुन्याच्या बाटल्यांशेजारी ठेवली. कुणी आकड्यावरून वाद घातला की ते त्या बाटलीकडे बोट दाखवतात.

आता

ऑपरेशन झाल्यावर दीड महिन्याने डॉक्टरांनी हळूहळू सगळं खायला परवानगी दिली, बेताने. रशीदभाईंनी त्यांच्याकडचं साय काढायचं हाताचं यंत्र चार दिवसांसाठी आणून दिलं. नानांनी गायीचं दूध त्यातून काढलं. उरलेलं दूध मशीनवर लावलं, आकडा पाहिला. मग फाडलं, गाळलं, वर तोच दगड ठेवला. लिंबू किती पिळायचं ते त्यांनी मला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

ताटली समोर ठेवून ते पुन्हा तसेच बसले. पनीर कोरडं होतं, दाताखाली करकरत होतं. म्हशीच्या पनीरची चव त्याला अजिबात नव्हती. मी सगळं संपवलं, आणि या वेळी भूकही होती.

जुना कागद फ्रिजवर अजून आहे. मी काढू दिला नाही. "रोज २०० ग्रॅम. चालेल." ही ओळ मीच खोडली आहे. त्याच्या खाली नानांच्या वळणदार, जुन्या शाळेतल्या अक्षरात एक नवी ओळ आहे:

"पनीर. साय काढलेल्या दुधाचं. ५० ग्रॅम. खात्री केली."